उजवी बाही

हिराआत्याचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड आहे, हे आमच्या घरात सगळ्यात आधी कळलं ते आईला. आई वस्तीवरच्या बायकांचे ब्लाउज शिवायची आणि दंडाचं माप घ्यायची ते एकाच, डाव्या हाताचं. देवाने दोन्ही हात सारखेच दिलेत तर दोनदा टेप कशाला लावायची, असं तिचं म्हणणं. आत्या आमच्याकडे कायमची राहायला आली त्या उन्हाळ्यात आईने हौसेने तिला एक ब्लाउज शिवला. डावी बाही सरळ वर गेली. उजवी कोपराच्या अलीकडेच अडकून बसली. आईला वाटलं, शिवण चुकली. तिने टेप आणून आत्याच्या उजव्या हाताला लावली, मग डाव्या हाताला लावली, पुन्हा उजव्याला लावली आणि तशीच उभी राहिली. "वन्सं, ही सूज हाय का काय? दवाखान्यात जाऊ या का?" आत्या हसायला लागली. "सूज नाही गं कौसल्या. खेळ आहे तो. आत मुरलाय." आईने बाही उसवायला घेतली खरी, पण आत जास्तीचं कापडच ठेवलेलं नव्हतं. ती स्वतःवरच चिडली. म्हणाली, "माया ठेवली न्हाई तर उसवून करायचं काय माणसानं?" शेवटी दुसरं कापड जोडून तिने ती बाही मोठी केली. त्यानंतर आत्याच्या प्रत्येक ब्लाउजची उजवी बाही वेगळ्या मापाची असे, आणि ती कापताना दर वेळी आईचा चेहरा पडे.

आमची वस्ती कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या अंगाला. घर म्हणजे तीन खोल्या, पुढे ओटा, बाजूला गोठा, गोठ्यापलीकडे खळं, आणि मग जिकडे बघावं तिकडे ऊस. सकाळ व्हायची ती विहिरीवरच्या इंजिनाने. माझ्या वडिलांनी, दादांनी, हँडल मारलं की ते आधी खोकल्यासारखं करायचं आणि मग दिवसभर फटफटत राहायचं. लांबून कारखान्याचा भोंगा यायचा. त्या भोंग्यावर आई भाकरीला बसायची आणि दादा न्याहारीला यायचे. बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, थंडीत हुलग्याची शेंगोळी. शेंगोळी वळताना आई मला शेजारी बसवून घ्यायची, आणि माझी कायम जाड व्हायची. ती नुसतं बघायची आणि मी केलेली मलाच वाढायची. आज आमच्या जिल्ह्याचं नाव बदललंय, रस्ता चौपदरी झालाय, वस्तीवर मोबाईलला रेंजही येते. पण शेंगोळी मला अजून बारीक जमत नाहीत.

हिराआत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. दादा तिला अक्का म्हणत. लहानपणीच तिला पुण्याला मामांकडे ठेवलं होतं. ते मामा एका जिमखान्यावर मार्कर होते. मार्कर म्हणजे, खेळायला आलेल्या सभासदाला जोडीदार नसला की समोर उभं राहून त्याला चेंडू मारून द्यायचे, एवढं काम. सभासद घरी गेले की टेनिसच्या रिकाम्या कोर्टवर मामा भाचीला खेळवत. तिथून आत्या महाराष्ट्राची विजेती झाली, एका वर्षी सगळ्या देशाची झाली, बोटीने की विमानाने परदेशी जाऊन खेळून आली. खेळ थांबल्यावर त्याच जिमखान्यावर शिकवायला लागली. लग्न केलं नाही. पुढे खांदा वर जाईना, तेव्हा एक पत्र्याची ट्रंक आणि तीन रॅकेटी घेऊन भावाच्या घरी आली. हे सगळं मी आज चार ओळींत लिहिलं, पण तेव्हा यातलं आम्हाला धड काही ठाऊक नव्हतं. शेजारच्या रखमाकाकूने दादांना विचारलं, "तुमची अक्का म्हनं चांपियन हुती. ते पिसाच्या फुलाचा खेळ, त्यातच ना?" दादा ठसक्यात म्हणाले, "पिसाचं न्हाई, चेंडूचं." "मंग किरकेट." "किरकेटबी न्हाई." पुढे काय सांगायचं ते दादांनाही माहीत नव्हतं, म्हणून ते बैलाला पाणी दाखवायला उठले.

त्या तीन रॅकेटी लाकडाच्या होत्या, आणि प्रत्येक रॅकेट चार स्क्रूच्या लाकडी चौकटीत आवळून ठेवलेली असे, म्हणजे ती वाकत नाही. आईने त्या देवघराच्या भिंतीला खिळा ठोकून टांगल्या. चांगल्या आठवडाभर त्या तिथे देवाच्या शेजारी होत्या. मग मी एकदा विचारलं की ही तार कसली, आणि आत्याने भाबडेपणाने सांगून टाकलं की ती जनावराच्या आतड्याची असते. आई हातातली पळी टाकून उठली. रॅकेटी आधी ओट्यावर गेल्या, तिथे रखमाकाकूच्या नजरेला पडतात म्हणून गोठ्यात गेल्या, आणि देवघराची भिंत गोमूत्राने पुसली गेली. आत्या रोज संध्याकाळी गोठ्यात जाऊन त्या तारांवरून बोट फिरवायची. गाई वळून बघायच्या. मी दाराआडून बघायचे. त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघून मला का कोण जाणे, आवाज करायची भीती वाटायची.

मी तिला एकच प्रश्न सारखा विचारायचे, "आत्या, एकदा मारून दाखव ना." ती म्हणायची, "कुठे मारू? उसात?" मग एका सकाळी तिने दादांकडे खळं मागितलं. मळणी आता यंत्राने शेतातच होत होती, खळ्यावर नुसती पेंढ्यांची गंजी लागायची. दादा म्हणाले, "अक्का, घे की. तुझाबी वाटा हायच त्यात." झालं. मुरूम आणून पसरला, दगडी रूळ फिरवला, आणि मग आई, आत्या आणि मी, तिघींनी मिळून शेण आणि मातीच्या काल्याने ते खळं सारवून काढलं. आत्या सांगत होती, जुन्या काळी मोठमोठ्या जिमखान्यांतही कोर्ट शेणानेच सारवत. आईला ते अजिबात खरं वाटलं नाही. पण सारवणात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, आणि कामात ती हातचं राखायची नाही. चुन्याच्या फक्कीने रेघा मारल्या. नदीवरच्या भोयांनी जाळं विणून दिलं. गावातल्या पिंजाऱ्यांची शमीम माझ्या वर्गात होती, ती जोडीदार म्हणून यायला लागली, आणि आमचं शिकणं सुरू झालं.

आता यातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. खळ्यावर पायताण घालून जायचं नसतं. तिथे धान्य पडतं, लक्ष्मी असते. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं, ते अंगातच होतं. त्यामुळे मी आणि शमीम कडेला चपला काढायचो, खळ्याला हात लावून तो कपाळाला लावायचो आणि मग आत जायचो. हिराआत्या जगभर बूट घालून खेळलेली बाई. पण ती आधी याच खळ्यावर रांगलेली. तीही चपला काढायची, हात कपाळाला लावायची. महिनोन्‌महिने आम्ही तिघी त्या सारवलेल्या भुईवर अनवाणी वावरलो आणि त्यात काही वेगळं आहे हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

आत्या शिकवायची ते खुर्चीत बसून, डाव्या हाताने चेंडू टाकून. उजवा हात मांडीवर ठेवलेला असे. "नुसत्या हाताने मारू नकोस गं. पेंढी गाडीवर फेकतेस ना, तशी कमरेतून वळ." मी वळायचे. "चेंडूच्या मागे धावू नको, तो कुठे येणारे तिथे आधीच जाऊन उभी राहा. पाहुणा दारात आल्यावर चूल पेटवतात का?" पंधरा, तीस, चाळीस असे गुण मोजायला शिकवलं तेव्हा दादा ओट्यावरून ओरडले, "अक्का, पंधरा, तीस आन् मंग चाळीस? वरचे पाच कुनी खाल्ले?" सारवलेल्या भुईवर पडलेल्या चेंडूचा आवाज मऊ, खोल असायचा. सकाळी इंजिन सुरू व्हायच्या आत तो आवाज उसापर्यंत जायचा. मी आता शिकवते ते कोर्ट रंगवलेल्या सिमेंटचं आहे. तिथे चेंडू टणकन वाजतो. चांगलं कोर्ट आहे, पाऊस झाला तरी तासाभरात कोरडं होतं. पण सकाळी पहिला चेंडू पडला की माझे कान अजूनही तो जुना आवाज शोधतात.

आत्या स्वतः मात्र कधी मारून दाखवायची नाही. "खांदा," एवढंच म्हणायची. शमीमला तर शंका यायला लागली. "शैला, तुझी आत्या खरंच खेळायची का गं?" मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण खोटं कशाला बोलू, कधी कधी मलाही वाटायचं, की आपण जिच्या मागे एवढं लागलोय ते काय आहे, हे आपण कधी बघितलेलंच नाही.

पावसाळा संपल्यावर आम्ही खळं पुन्हा सारवलं. नवरात्रात आत्या दादांना म्हणाली, दिवाळीच्या आधी नगरला मुलींची स्पर्धा आहे, शैलाला खेळवायचं. जमली तर पुढे पुण्याला माझ्या जिमखान्यावर पाठवू, राहायची सोय मी करते. दादा काही बोलायच्या आधी आई मशीनवरून उठून आली. तिच्या हातात आत्याचाच ब्लाउज होता. "वन्सं, तुमचा मान ठेवून बोलते. एवढं खेळलात. काय राहिलं त्यातलं? ही उजवी बाही. हात वर जात न्हाई, केस ईंचरायला मला बोलवता. माज्या पोरीचे दोनी हात सारखे राहू द्या." आत्याचं मला आजही आश्चर्य वाटतं. ती रागावली नाही, रडली नाही. म्हणाली, "कौसल्या, तुझी पोर आहे. तू म्हणशील ते." शेवटी दादांनी मधला मार्ग काढला. ही एक स्पर्धा खेळायची, सोबत आईने जायचं, आणि दिवाळीनंतर खळं बंद. आईने मान डोलावली. मी रात्री पांघरुणात तोंड घालून खूप रडले, आणि सकाळी खळ्यावर गेले.

नगरला जायच्या आधी दादांनी जवळच्या बेलापूरच्या बाजारातून मला पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. वाढता पाय म्हणून चांगले दोन बोटं मोठे. पुढे चिंध्या कोंबल्या. एसटीत आई खिडकीशी, मध्ये मी, कडेला आत्या. मांडीवर दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचं फडकं, पायाशी गोठ्याचा वास येणारी रॅकेट.

माझा सामना होता लष्करातल्या एका अधिकाऱ्याच्या मुलीशी. पांढरा स्वच्छ स्कर्ट, केसांना पट्टा, आणि हसरी, छान पोर. मी शाळेच्या निळ्या स्कर्टमध्ये. पंचांनी नाव पुकारलं तशी मी कोर्टच्या कडेशी गेले, बूट काढले, जोडीने नीट ठेवले, वाकून कोर्टला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत गेले. मागे हशा पिकला. पंच म्हणाले, "अगं बाळ, बूट घालायचे असतात. काढायचे नसतात." मी मागे वळून आत्याकडे बघितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला होता. सगळं सगळं शिकवलं होतं तिने मला. बूट घालून खेळायचं असतं, हे सांगायचंच राहून गेलं होतं. ती स्वतःच विसरली होती.

बूट घातले आणि माझे पाय माझे राहिलेच नाहीत. भुई कळेना. वळायला जावं तर चिंध्या आत सरकायच्या. चेंडू जिथे येणार तिथे मी नेहमी घसरत जाऊन पोचायचे, आणि बूट जागच्या जागी रुतायचे. दोनदा तोंडावर पडले. पहिला सेट कधी गेला ते कळलंही नाही. सामना चालू असताना शिकवणाऱ्याने बोलायचं नसतं, म्हणून आत्या ओठ आवळून बसली होती. पण आईला असला काही नियम लागू नव्हता. ती पदर खोचून उठली, कोर्टच्या कडेला तिने स्वतःच्या चपला काढल्या आणि थेट पंचांपुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, एक इचारू का? ते बूट कशापायी?" पंच म्हणाले, "बाई, ही खडी आहे. पाय सोलतील मुलीचे." "तिचे पाय मला म्हाईत हायेत. त्या टाचंत बाभळीचा काटा मोडतो, आत जात न्हाई. आमी भुईवर पायताण घालीत न्हाई साहेब. तिला तिच्या पायानं हरू द्या."

तिला तिच्या पायानं हरू द्या. हे वाक्य मी आजवर किती पोरींना सांगितलं असेल त्याला गणती नाही. समोरच्या मुलीची आईच म्हणाली, "हरकत नाही, खेळू द्या तिला." पंच म्हणाले, बरं, पण रक्त दिसलं तर थांबवणार. मी बूट काढले. पायाला भुई लागली. खडबडीत होती, आमच्या खळ्यासारखी नव्हती, पण भुई होती. दुसरा सेट मी घेतला. तिसऱ्यात ती मुलगी माझ्यापेक्षा शांत डोक्याने खेळली, आणि मी हरले. उगाच लांबण लावत नाही, स्वच्छ हरले. हात मिळवताना ती मला म्हणाली, "तू किती छान घसरतेस!" आणि मला इतकं रडू फुटलं की आईला वाटलं पाय सोलला.

आम्ही फडकं सोडून दशम्या खात बसलो होतो, तेव्हा तिथला शिकवणारा एक तरुण आमच्याकडे आला. मला विचारलं, हे घसरत जाणं कोणी शिकवलं? माझं तोंड भरलेलं होतं. आई म्हणाली, "ह्या आमच्या हिराबाईंनी." तो आत्याकडे बघत राहिला. तिच्या चेहऱ्याकडे, मग त्या उजव्या हाताकडे. "हिराबाई म्हणजे... पुण्याच्या? त्या तुम्ही? आमचे सर तुमचं नाव घ्यायचे." आत्या म्हणाली, "होते." त्याने हात जोडले. म्हणाला, मॅडम, दोनच चेंडू माझ्याबरोबर मारा, मला कुठे सांगायला होईल. आत्याने मान हलवली, "खांदा साथ देत नाही हो आता." तो समजून मागे सरकला. आणि तेवढ्यात आई बोलली. हातातली दशमी फडक्यावर ठेवून, अगदी हळू. "वन्सं, खेळा की. मला बघायचंय."

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग ती उठली, पदर कमरेला खोचला, माझी रॅकेट घेतली. कोर्टच्या कडेशी तिने चपला काढल्या, वाकली, हात कपाळाला लावला. या वेळी कोणी हसलं नाही.

आता पुढचं मला नीट सांगता येईल असं वाटत नाही, आणि मी आयुष्यभर हाच खेळ सांगत आलेय. पहिले दोन-चार चेंडू तिने नुसते परत केले, झोपेतून उठल्यासारखे. मग तिचे पाय हलले. पन्नाशी ओलांडलेली बाई, नऊवार नेसलेली, आणि पाय असे की भुईला लागतायत की नाही ते कळू नये. ती धावलीच नाही. चेंडू यायच्या आधी ती तिथे असायचीच, उभी, वाट बघत. आणि तो आवाज! रॅकेटच्या बरोबर मधोमध चेंडू बसल्याचा आवाज मी तोवर ऐकलेलाच नव्हता. मी मारायचे तो आवाज वेगळा होता, सगळ्यांचा वेगळा होता. हा एकच, भरीव, कुठेही न फुटणारा. तो तरुण डावीकडे धावला, उजवीकडे धावला, पुढे आला, मागे गेला, घामाने निथळला. ती मधोमध उभी. तिच्या रॅकेटमधून चेंडू असा निघायचा, की पडायची जागा त्याला आधीच सांगून ठेवली असावी. शेजारच्या कोर्टवरचा सामना थांबला. चहावाला किटली घेऊन जाळीशी येऊन उभा राहिला. हे आमच्या गोठ्यात टांगलेलं होतं. हे मला शेंगोळी वाढत होतं. मी एवढे दिवस त्याच्या मांडीला मांडी लावून बसत होते. मी आईकडे बघितलं. तिचं तोंड उघडं होतं, आणि तिने आपला स्वतःचा उजवा दंड डाव्या हाताने घट्ट धरलेला होता.

शेवटी त्याने एक चेंडू उंच दिला. तो डोक्यावरून मारायचा असतो, पूर्ण हात वर नेऊन. आम्हाला वाटलं, ती सोडून देईल. तिने हात वर नेला. तो खांदा वर गेला, कसा गेला ते तिलाच ठाऊक, आणि चेंडू कोपऱ्यातल्या रेघेवर पडून मागच्या जाळीत जाऊन अडकला. आत्या जागीच उभी राहिली. हात खाली आला तो लोंबतच आला, बोटांतून रॅकेट सुटली. टाळ्या वाजत होत्या. आई अनवाणीच धावत आत गेली, आणि आत्याचा तो हात तिने आपल्या खांद्यावर घेतला.

परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या, मी पुढच्या बाकावर. आई वाटभर तो हात चोळत होती. राहुरीच्या पुढे कधीतरी ती म्हणाली, "वन्सं, एवढं हुतं हातात, आन् मी नुसती बाही मापीत बसले." आत्या म्हणाली, "तुझ्यामुळेच अंगात बसायची गं ती." मग दोघी हसल्या, आणि थोड्या वेळाने बघितलं तर आत्या आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. त्यानंतर तिने कधी रॅकेट उचलून चेंडू मारला नाही. मी तिला पुन्हा तसं बघितलं नाही. एकदाच बघितलं, आणि तेवढ्यावर माझं सगळं खेळणं आणि सगळं शिकवणं झालं. जिंकले, हरले, पुढे राज्यासाठी खेळले, पोरी घडवल्या. तो आवाज माझ्या रॅकेटमधून आयुष्यात फार थोड्या वेळा आला. तो आला की मला त्या दिवशी गुणफलक बघावासा वाटत नाही.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा दिवाळी आली होती, आणि दिवाळीनंतर खळं बंद, हे ठरलेलं होतं. आई त्यावर एक अक्षर बोलेना. मी विचारायला धजेना. विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर संपलंच. फराळाच्या वासाने घर भरलं, चकलीची भाजणी दळून आली, आई करंज्यांचं सारण परतत होती आणि मी तिच्या पाठीकडे बघून तिच्या मनातलं ओळखायचा प्रयत्न करत होते. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तिने मला हाक मारली. "ये हिकडं, पोलक्याचं माप घिऊ." दर दिवाळीला मला परकर-पोलकं असायचं. मी जाऊन उभी राहिले आणि सवयीने डावा हात पुढे केला. तिने डाव्याचं माप घेतलं. मी जायला वळले. "थांब," ती म्हणाली, आणि माझा उजवा हात धरून तिने टेप त्याच्याभोवती फिरवली. टेप कुठे आली ते तिने नीट वाकून बघितलं, आणि मशीनकडे गेली.

पोलकं दिवाळीच्या पहाटे मिळालं, अभ्यंगानंतर. दोन्ही बाह्या अगदी बेतशीर बसल्या. उजवीही तेवढीच. माझं मन खट्टू झालं. म्हणजे माझा हात अजून आत्यासारखा झालेला नव्हता, सगळ्यांसारखाच होता, आणि आई तेच बघत होती. मी गळ्याची गुंडी लावताना उजवी बाही काखेत टोचल्यासारखी झाली, म्हणून आत बोट घालून बघितलं. आत कापड दुमडलेलं होतं. चांगलं दोन बोटं रुंद, वरून खालपर्यंत, बारीक टाक्यांनी धरून ठेवलेलं. मी डावी बाही उलटून बघितली. तिच्यात काहीच नव्हतं, नेहमीची शिवण. ओट्यावर आत्या उटण्याची वाटी घेऊन बसली होती, तिने माझ्या हातातली ती उलटलेली बाही बघितली आणि वाटी खाली ठेवली. मी आईकडे गेले. ती पणतीत तेल घालत होती.

"आई, उजव्या बाहीत एवढं कापड कशाला सोडलंस?"

तिने मान वर केली नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "हात वाढंल आता."